इनास मेस्त्रींचं प्रायश्चित्त

चौतीस सालच्या भाद्रपदातली गोष्ट. वेल्ह्याच्या वाटेवर मिशनचा आठ खाटांचा दवाखाना होता आणि मी, भोरच्या भटाचा पोरगा मधू, तिथे कंपाउंडर. त्या दुपारी खोकल्याच्या बाटल्यांवर डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवत बसलो होतो. तिथल्या सिस्टर वसईच्या. अत्यवस्थ माणसाला एकटं ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम. खाटेजवळ स्टूल ओढायचं, हात धरायचा आणि ज्याला जो देव हवा त्याचं नाव घेऊ द्यायचं. पाय मोडून पडलेल्या गेनबासाठी त्यांनी त्याच्या गावाहून अंगारासुद्धा मागवला होता.

त्या दिवशी सिस्टर एका अडलेल्या बाईसाठी पासलीला निघाल्या. जाताना म्हणाल्या, "मधू, इनास मेस्त्रींजवळ बस. फादर येईपर्यंत त्यांना बोलतं ठेव."

मेस्त्रीही वसईचेच. भाटघरच्या धरणावर दगड घडवायला आले आणि इकडेच राहिले. आता हृदय थकलं होतं. कुमसार, म्हणजे फादरांजवळ पापांची कबुली, झाल्याशिवाय मरायचं नाही असा त्यांचा हट्ट.

"पाप फार मोठं आहे का?" मी विचारलं.

"तुला कशाला? तू तुझं कर की एखादं," म्हणून ते हसले, आणि हसताना ओठ निळे पडले. मी घाबरलो. फादर पुण्याहून निघालेले, शिवऱ्यापासून भाड्याच्या तट्टावर, आणि मध्ये गुंजवणी दुथडी भरलेली. मेस्त्री तोवर टिकतील असं मला वाटेना.

तीनच्या सुमारास धुकं खिडकीतून आत आलं आणि भरदुपारी कंदील लावावा लागला. पावलं वाजली नाहीत. वळून पाहिलं, तर झगा घातलेले फादर दारात उभे. काही न बोलता त्यांनी मला बाहेर जायची खूण केली. कबुली तिसऱ्याने ऐकायची नसते. खोलीत दुसरा रोगी एकटा गेनबा; त्याला चालता येईना, म्हणून मी त्याला खाटेसकट ओसरीवर ओढला.

"कंपौंडर," तो कुजबुजला, "पाऊस लई लागलाय... आन् फादर कोरडं कसं वो?"

"छत्री असेल."

"व्हय. मंग घोडं कुठं हाय?"

मी फाटकाकडे पाहिलं. तिथे तट्टू नव्हतं. आतून मेणाचा वास येत होता, आणि त्यात नदीच्या गाळाचा.

अर्ध्या तासाने आत डोकावलो. फादर नव्हते. दार एकच, आणि त्या दारात आम्ही दोघं. मेस्त्री मात्र वरबापासारखे खूश. डोळे मिटून पुटपुटत होते, कपाळावर शेवटच्या संस्काराचं तेल चकाकत होतं.

तेवढ्यात फाटकातून फादर आले. पायी, चिखलाने माखलेले, दात वाजत होते. "माफ करा मेस्त्री, तट्टू वाहून गेलं. मीही जाणार होतो. कुणीतरी मानगुटीला धरून काठावर टाकलं..."

मेस्त्रींनी एक डोळा उघडला. "पुन्हा कशाला आलात? सगळं झालं की."

फादर मटकन स्टुलावर बसले. "प्रायश्चित्त काय सांगितलं... मी?"

"एकच प्रार्थना. नदीत पडलेल्या माणसासाठी. थांबायचं नाही, म्हणालात." मग त्यांचा चेहरा निरखून, "आता थांबू?"

फादरांनी झग्याचं ओलं टोक पिळलं. "नको," ते म्हणाले. "इतक्यात नको..."

मरायला आलेला माणूस असा कामाला लागला, आणि चांगला अकरा महिने जगला. रोज तीनला प्रार्थना, वर चहाची फर्माईश. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी ती माझ्याकडून पाठ करून घेतली. संध्या चुकवण्यात माझा हातखंडा, पण ही मी चुकवली नाही. फक्त एकदा, बहिणीच्या, कुंदाच्या, लग्नाच्या धांदलीत राहून गेली.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून फादरांचं कार्ड आलं. 'प्रिय मधू, काल तीन वाजता खोलीत वाचत बसलो होतो. एकाएकी गळ्यापर्यंत पाणी आलं. रागावलो नाही, पण विसरलास का?'

ते कार्ड मी आठवडाभर उन्हात ठेवलं. अजून वाळलेलं नाही.