उसनं फूल

शेवटी दोघांचं जमलं. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू, कारण या घडीला ती गच्चीवर उकिडवी बसून गळून पडलेल्या एका भोपळ्याकडे बघते आहे. लिंबाएवढा, पिवळा पडलेला.

ती दातांची डॉक्टर. पेशंट दारातून आत येतानाच कुठली दाढ दुखतेय ते तिला कळायचं. झाडांचं मात्र काही म्हणजे काही कळायचं नाही. बाग आईची. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे आईला उन्हाळाभर जिना बंद. मोगरा आणि डाळिंब आपापलं बघत होते, पण भोपळ्याचा वेल रोज एक फळ टाकायचा आणि खालून आई रोज विचारायची, "धरला का गं?"

"तुमच्या वेलाला सगळ्या मुलीच झाल्यात."

शेजारच्या गच्चीच्या कठड्यावर एक चेहरा होता. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानातला तो... स्वतःचा चष्मा मात्र नाकावरून घसरलेला.

"म्हणजे?"

"फुलाखाली इवलासा भोपळा असतो ती मादी. तुमच्याकडे नर एकही नाही. माझ्याकडे नुसते नर. घरातसुद्धा — मी, बाबा आणि काका."

"मग एखादा... देता?"

"काका चालतील?"

"फूल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कठडा ओलांडून आला. उन्हं चढली की ही फुलं मिटतात, त्यामुळे घाई होती. पण त्याला नव्हती. तिनं मादीफुलाच्या पाकळ्या बोटांनी धरल्या, त्यानं नरफूल आत हलकेच फिरवलं. बोटाला बोट लागलं. दोघांनीही ते लागलंच नाही असं दाखवलं.

"तुमच्या गालावर पराग लागलाय."

"पुसू?"

"राहू द्या... शोभतोय."

भोपळा धरला. मग दुसऱ्या फुलासाठी तो आला, मग तिसऱ्यासाठी. खाली आई खूश, वर लेक त्याहून खूश.

आणि एका पहाटे तिच्याच वेलावर नरफूल उमललं. टपोरं, निर्लज्ज. आता शेजाऱ्याची गरज संपली. तिनं क्षणभर विचार केला आणि निरोगी दात उपटावा तसं ते खुडून दवाखान्याच्या कोटाच्या खिशात टाकलं. पुढे ते रोजचंच झालं.

एके दिवशी तो घामाघूम होऊन आला.

"आज उशीर?"

"सायकल पंक्चर झाली."

"कठड्यापलीकडून यायला सायकल?"

त्यानं कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाला, "माझी फुलं कधीच संपली. गावाबाहेरच्या रोपवाटिकेतून आणतो."

खिशात हात घालून तिनं चुरगळलेली पिवळी फुलं त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे तर नर आहेत. तुमचेच?"

"रोज खुडते. नाहीतर तू कशाला आला असतास?"

"आलो असतो," तो म्हणाला. "निमित्त आल्यावर शोधलं असतं."

खालून आईचा आवाज आला, "ज्यानं माझी बाग जगवली त्याला खाली आण गं. आभार मानायचेत."

"आधी माझे मानून होऊ देत," ती म्हणाली आणि त्याचा हात धरला. परागाचा, मातीचा, सायकलच्या तेलाचा. बराच वेळ आभार चालले.

सबब, ऋतू खात्यास नम्र विनंती की, चालू उन्हाळ्यास पुढील आदेशापर्यंत मुदतवाढ मिळावी. उकाड्याबाबत अर्जदारांची कोणतीही तक्रार नाही.