सहा पायांची खोली आणि मावशीची मान

जमिनीत घट्ट रोवलेली खोली धावू शकते का? नाही ना? मीही हेच म्हटलं असतं. पण माझी हेमामावशी अशाच एका खोलीत बसून आली आणि म्हणाली, "शमू, काय सुसाट निघालं होतं गं विमान! पाठ खुर्चीला चिकटली माझी." खोली बोटभरसुद्धा पुढे गेली नव्हती. आणि त्याच खोलीत मावशी नापास झाली होती.

मी शाल्मली, सहावीत आहे. घरातली सगळी कोडी मीच सोडवते, हे आधीच सांगून ठेवते. मावशीकडे विमान चालवायचा परवाना आहे, पण प्रवासी विमानाच्या नोकरीसाठी आधी मुलाखत द्यावी लागते आणि मग सिम्युलेटरमध्ये (विमानाच्या पुढच्या भागासारखी हुबेहूब खोली, ती सहा लोखंडी पायांवर उभी असते आणि पाय लांब-आखूड करून डुलते) परीक्षा. ती कंपनी दोनदाच बोलावते, तिसऱ्यांदा नाही. मावशीची दुसरी वेळ जवळ आली होती आणि तिला जेवण जात नव्हतं.

"परीक्षक म्हणाले, सहवैमानिकानं दोनदा सांगितलं की विमानाचं नाक खाली जातंय, आणि तुम्ही उत्तरच दिलं नाहीत," मावशी सांगत होती. "अरे, असं कसं? मी दोन्ही वेळा उत्तर दिलं होतं!"

आता झाली ना दोन कोडी? न धावणारी खोली धावली कशी, आणि दिलेलं उत्तर गेलं कुठे?

सरावासाठी आम्ही बंब्याला आणलं होतं. आमच्या साताऱ्याच्या ग्रंथालयात हल्ली पुस्तकांसारखे यंत्रमानवही घरी न्यायला मिळतात. हा दिसायला थेट पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबासारखा, म्हणून बंब्या. मावशी डोळ्यांवर चित्रचष्मा (समोर खोटंच पण खऱ्यासारखं दृश्य उभं करणारा चष्मा) चढवून खुर्चीत बसायची, शेजारी सहवैमानिक म्हणून बंब्या. घरी मावशी एकदाही चुकत नव्हती. एकदाही!

"इथेच कुठेतरी पाणी मुरतंय," आजोबा म्हणाले. "घरची खुर्ची हलत नाही, तिथली हलते. शमे, ये इकडे. बस."

आजोबा म्हणजे मावशीचे बाबा. त्यांनी उभा जन्म कानाच्या आतल्या भागावर संशोधन केलं, आणि त्यांचेच कान आधी गेले. कानातलं यंत्र सारखं कुरकुरतं म्हणून ते काढून खिशात टाकतात. त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं तर ओठ नीट हलवायचे. 'हो' म्हणायचं असेल तर आमच्या घरात कुणी बोलायच्या भानगडीतच पडत नाही. भली मोठी मान हलवायची, की काम झालं.

तर मी खुर्चीत बसले. चष्म्यात लांबलचक धावपट्टी दिसू लागली. बंब्यानं इंजिनाचा आवाज काढला, आणि धावपट्टी भराभर मागे जायला लागली. माझी पाठ खुर्चीत रुतली. "अगं आई गं! निघाले मी!" असं मी ओरडले म्हणे. चष्मा काढला तर काय! मी चपलांच्या मांडणीशेजारी होते तिथेच होते. बंब्यानं फक्त माझी खुर्ची हळूच मागे कलती केली होती.

"फसवलंत मला!" मी चिडले.

"मी नाही, तुझ्याच कानानं फसवलं," आजोबा हसत म्हणाले. "बंब्या, खरवसाची ताटली आण रे."

शेजारच्या कांबळेकाकूंनी सकाळीच खरवस दिला होता. आजोबांनी ताटलीत एक उंच वडी ठेवली आणि वर जायफळाची पूड भुरभुरवली. "आपल्या कानाच्या आत असाच एक लिबलिबीत थर असतो. त्यावर चुन्याचे बारीक कण असतात, त्यांना कर्णकण (तोल कळवणारे कानातले कण) म्हणू. थराखाली इवलेसे केस. थर ज्या बाजूला झुकतो तसे केस वाकतात आणि मेंदूला निरोप देतात. आता बघ."

त्यांनी ताटली मागे कलती केली. वडी थरथरत मागे झुकली. मग त्यांनी ताटली सपाट धरली आणि झटक्यात पुढे ढकलली. वडी पुन्हा मागेच झुकली!

"दोन्ही वेळा सारखंच!" मी उडीच मारली. "म्हणजे मी मागे कलले की वेगानं पुढे निघाले, हे कानाला कळतच नाही?"

"डोळे मिटले तर नाही कळत. मग मेंदू डोळ्यांची साक्ष काढतो. चष्म्यात धावपट्टी दिसली, म्हणून तो म्हणाला, धावतोय आपण. सिम्युलेटर हीच युक्ती करतो."

पहिलं कोडं सुटलं होतं. मी खरवसाकडे हात नेला, पण मावशी एकदम म्हणाली, "बाबा, थांबा. मग याच्या उलटही होत असेल?"

आजोबांनी मान हलवली.

"मी ढगात होते," मावशी सावकाश बोलू लागली. "बाहेर नुसतं पांढरं. फेरउड्डाण (उतरता उतरता बेत बदलून पुन्हा वर जाणं) करायला सांगितलं. मी इंजिनाला पूर्ण जोर दिला, वेग वाढला, आणि मला वाटलं नाक भलतंच वर गेलं. म्हणून मी ते खाली दाबलं. म्हणजे नाक तेवढं वर नव्हतंच! कानानं वेगालाच चढ समजून टाकलं!"

"बरोब्बर. खऱ्या विमानातही असंच होतं, आणि भल्याभल्यांचं होतं. म्हणून तर समोर कृत्रिम क्षितिज (नाक वर आहे की खाली हे दाखवणारी तबकडी) असतं. आणि शेजारी दुसरा माणूस असतो, एकाचा कान फसला तर दुसऱ्यानं सांगायला."

"त्यानं सांगितलंही. मग मी ऐकलं कसं नाही?"

मावशीला पुन्हा खुर्चीत बसवलं. चष्म्यात ढग, कोपऱ्यात तबकडी. बंब्यानं इंजिनाचा आवाज वाढवला आणि खुर्ची मागे कलवली. मावशीचा हात नकळत नाक खाली-वर करायचा दांडा पुढे दाबू लागला.

"हेमाताई, नाक खाली जातंय," बंब्या म्हणाला.

मावशी गप्प.

"हेमाताई, नाक खाली जातंय."

मावशी गप्प. पण मी समोर उभी होते ना! मला दिसलं. "मावशी! मान काय हलवतेस?"

"अगं, उत्तर दिलं ना!"

"माझे डोळे तबकड्यांवर आहेत," बंब्या म्हणाला. "मला मान दिसली नाही."

मावशीनं चष्मा काढला. आजोबांचा चेहरा एवढासा झाला. "माझ्या बहिरेपणानं लावलेली सवय ही," ते म्हणाले. मावशीनं त्यांचा हात घट्ट धरला आणि जोरजोरात मान हलवून 'नाही, नाही' केलं. मग तिलाच हसू फुटलं.

त्या दिवसापासून घरात मान हलवायला बंदी. कुणी काही सांगितलं की आधी 'ऐकलं' म्हणायचं आणि काय करणार तेही बोलायचं. "शमू, मीठ दे." "ऐकलं. मीठ देते." आजोबांनी कानातलं यंत्र मुकाट्यानं घालून ठेवलं. यातली गंमत मला नंतर कळली. 'नाक वर घेते' असं तोंडानं म्हणायचं तर डोळ्यांना तबकडी बघावीच लागते. मग कान काहीही सांगो, हात तोंडानं म्हटलेलंच करतो.

बंब्या मुलाखतीचाही सराव घ्यायचा. "मागच्या वेळी नापास का झालात?" पहिल्यांदा मावशी म्हणाली, "सिम्युलेटर जरा जास्तच हलत होता." आजोबांनी एवढ्या जोरात 'हुं!' केलं की तिनं ते उत्तर पुन्हा कधी दिलं नाही.

परीक्षेच्या दिवशी मी आणि आजोबा काचेमागे बसलो होतो. पलीकडे ती खोली सहा पायांवर डुलत होती. अचानक तिचं तोंड हळूहळू वर झालं आणि ती मागे कलली. मी आजोबांचा हात दाबला. हेच ते! आत मावशीचा कान आत्ता तिला खोटं सांगत असणार. आम्हाला ना काही ऐकू येत होतं, ना काही करता येत होतं. मग खोली सावकाश सरळ झाली.

मावशी बाहेर आली तेव्हा परीक्षक तिच्याबरोबर होते. "मुलाखतीत यांनी मागची चूक स्वतःहून सांगितली," ते आजोबांना म्हणाले. "वर म्हणाल्या, त्या दिवशीच्या सहवैमानिकानं दोनदा सावध केलं होतं, त्याचे आभार मानायचे राहिलेत. आणि आज सहवैमानिकानं नाक खाली जातंय म्हणताच उत्तर असं खणखणीत दिलं की विचारू नका. घेतलंय आम्ही त्यांना."

मी किंचाळलेच! बंब्या म्हणतो, पुढे माणसं मंगळावर ये-जा करतील. करू देत. तिथेही एकानं सांगायला आणि दुसऱ्यानं ऐकायला हवंच, आणि ती दुसरी मीच असणार.

पण खरी गोष्ट पुढेच झाली. आमच्या घरात कुणी कुणाचे आभार मानत नाही. आपल्या माणसांना काय थँक्यू म्हणायचं? मावशी मात्र आजोबांसमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. "बाबा," ती स्पष्ट आवाजात म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून झालं. मी तुमची फार फार आभारी आहे."

आजोबांनी सवयीनं मान हलवली.

"आजोबा!" मी ओरडले. "तोंडानं!"

आजोबांनी कानातलं यंत्र नीट बसवलं. घसा खाकरला.

"ऐकलं, हेमा," ते म्हणाले. "नाक वर ठेव."