उजव्या नाकातली चमकी

कोंडाजीशेठनी गोदेच्या पाण्याची घागर भिंतीवर रिकामी केली आणि त्यांच्या आईचा गाल निखळून त्यांच्या पायाशी पडला.

मागोमाग कपाळ गेलं. मग नाक, मग हनुवटी. टाइलचे तुकडे फरशीवर टपटप पडत राहिले. सनईवाल्याने सूर अर्ध्यावर सोडला. भिंतीच्या उद्घाटनाला समाजमंदिराच्या अंगणात जमलेली सगळी वसाहत जागच्या जागी थिजली.

मातोश्रींचा चेहरा गळून पडला होता, आणि त्याच्या खाली दुसरा चेहरा होता.

तिशीतली एक सावळी बाई. कपाळावर लाल टिकली. उजव्या नाकपुडीत चमकी म्हणून बसवलेली आरशाची कपची. उन्हात ती लखलखत होती आणि बाईची नजर थेट शेठवर होती.

शेठ आधी पांढरे पडले, मग लाल झाले.

"माझ्या आईच्या जागी ही पेठची रोजंदारीण? घण आणा! फोडा तिचं थोबाड!"

बंदोबस्तावर असलेली सहायक निरीक्षक तेजल आहेर मधे आली.

"घण राहू द्या, शेठ. आधी हे कुणी केलं ते बघू."

"त्यात बघायचं काय? ती बघा, उभी आहे तिथं!" शेठनी बोट रोखलं. "संध्याकाळच्या आत ही पोरगी आत गेली पाहिजे आणि भिंत साफ झाली पाहिजे. नाहीतर मी वर फोन लावतो."

बोट रोखलं होतं ते आरोहीवर. म्हसरूळकडच्या या वसाहतीतल्या बायकांना हाताशी धरून, घरोघरचे फुटके कप, बशा, फरशा जोडत तिने ही मोझॅकची भिंत उभी केली होती. खर्च शेठचा, म्हणून मधोमध त्यांची आई. सिंहस्थासाठी घाटावरची मोठी भिंत आरोहीलाच मिळायची होती. ते ठरवणारी मंडळी आज मुद्दाम आली होती. तेजलने वळून पाहिलं तेव्हा त्यांची गाडी फाटकाबाहेर पडत होती.

आरोही त्या गाडीकडेच बघत होती. आज तिला अटक झाली, तर पुन्हा कुणी आपली भिंत तिच्या हाती देणार नव्हतं.

समाजमंदिरात प्लास्टिकच्या दोन खुर्च्या समोरासमोर मांडून तेजल बसली. पहिला आला हर्षल. आरोहीला भट्टीतून टाइल भाजून देणारा, तिचा भागीदार.

"भांडण होतं म्हणे तुमचं?"

"होतं. टाइल माझ्या, नाव तिचं. राग आहेच, लपवत नाही."

"मग काढलास राग?"

"मॅडम, घाटाच्या कामात माझाही वाटा आहे. माझ्याच ताटात मी माती कशाला कालवू?" तो उठता उठता थांबला. "आणि खालचा चेहरा नवशिक्याचा आहे. आरोही डोळा असा लावत नाही. मीही नाही."

आरोहीला तेजलने आधी पाणी दिलं.

"मातोश्रींचा चेहरा कसा केला होतास?"

"जाळीवर. जाळीवर तुकडे सुलटे चिकटवतात, त्यामुळे काय होतंय ते डोळ्यांसमोर असतं. चेहरे मी नेहमी जाळीवरच करते."

"आणि बाकीची भिंत?"

"वेली, फुलं बायकांनी केली, कागदावर. तुकडे पालथे घालून मैद्याच्या खळीने कागदाला चिकटवायचे, कागदासकट सिमेंटात दाबायचे. सिमेंट धरलं की कागद भिजवून सोलायचा."

"चेहरा भिंतीवर बसवला तेव्हा तू होतीस?"

"नाही. डेंग्यूने दवाखान्यात होते. नवनाथने बसवला."

"परत आल्यावर काही खटकलं?"

"चेहरा भिंतीपेक्षा जरा पुढे आला होता. सगळे म्हणाले, काय उठाव आलाय! मलाही वाटलं, बरं दिसतंय की." तिचे डोळे भरून आले. "मॅडम, मी खरंच काही केलं नाही हो."

नवनाथ गवंडी दारातच उभा राहिला.

"चेहरा तू बसवलास?"

"मीच. कागदासकट दाबला."

"कागदासकट? नक्की?"

"मग? अख्खी भिंत तशीच हाय की."

"कागद कुणी सोलला?"

"बाया सोलत्यात. मी दुसऱ्या साइटवर गेलो. कागदाआडचं तोंड मला कुठून दिसणार?"

तेजल उठून बाहेर आली. पडलेले तुकडे कुणीतरी घमेल्यात गोळा करून ठेवले होते. घमेल्याच्या काठावरून मुंग्यांची रांग आत उतरत होती. तेजलने एक तुकडा उचलला. जाळी ओली, बुळबुळीत. सिमेंटचा कणही नाही. तुकडा तिने नाकाशी नेला. आंबूस वास.

ओसरीवर शेठ फोनवर कुणाला तरी झापत होते.

"शेठ, खालच्या बाईला ओळखता का?"

"मी? जन्मात पाहिलेली नाही!"

इतक्यात यशोदाबाई ताटली घेऊन आल्या. बायकांच्या गटाच्या म्होरक्या. मऊ बोलायच्या, उपासतापास कडक. मोझॅकसाठी खळ शिजवायची ती त्यांनीच. सकाळी तापल्या फरशीवर त्यांना अनवाणी फिरताना पाहून तेजलने टोकलं होतं, तर "नवस हाय, मॅडम. फिटल्याबिगर चपला घालायच्या नायत" म्हणत त्या हसल्या होत्या.

"घ्या परसाद. सकाळधरनं पोटात काय नसंल तुमच्या."

तेजलने खोबऱ्याचा तुकडा घेतला.

"मावशी, शेठच्या आधी सगळ्या बायकांनी पाणी चेहऱ्यावरच का ओतलं?"

"शेठच म्हणाले, माझ्या आयला गंगा-गोदावरीच्या पाण्यानं न्हाऊ घाला. आमी घातलं."

"काल दिवसभर चेहऱ्यावर ओलं गोणपाट होतं म्हणे. ते कुणी टाकलं?"

"सिमेंटला पाणी मारायला टाकलं असंल कुणी. येते मी, चहा उतू जाईल."

त्या वळल्या. नव्या चपलांचा करकर आवाज दारापर्यंत गेला. खोबरं तेजलच्या हातातच राहिलं.

ऊन कलायच्या आत तिने सगळ्यांना भिंतीपाशी बोलावलं. शेठची दोन माणसं घण घेऊन तयारच होती.

"झालं का तुमचं?" शेठ म्हणाले. "घाला तिला गाडीत."

"हे आरोहीने केलेलं नाही."

"कशावरून?"

"चमकीवरून. आपल्याकडे बाया चमकी डाव्या नाकात घालतात. हिची उजव्या नाकात आहे, कारण हा चेहरा कागदावर पालथा केलाय. पालथं केलेलं भिंतीवर उलटं उमटतं, डावं ते उजवं होतं. आधीच उलटं चित्र काढावं लागतं, हे आरोहीला ठाऊक आहे, हर्षललाही. गटातल्या बायकांना नाही. त्या वेली आणि फुलं करायच्या. वेल उलटली तरी वेलच दिसते. चेहऱ्याचं तसं नसतं."

बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली.

"आरोहीने केलेला चेहरा जाळीवर होता. नवनाथने बसवला तो कागदावरचा. म्हणजे चेहरे दोन होते. आरोही आजारी असताना कागदावरचा आधी सिमेंटात गेला. कागद सोलून झाल्यावर त्याच्यावर मातोश्रींची जाळी चिकटवली, नुसत्या खळीने. म्हणून तर चेहरा पुढे आलेला दिसत होता. फटीसुद्धा खडूची भुकटी खळीत कालवून भरल्या असणार. तुकड्यांना मुंग्या लागल्यात. सिमेंटला कधी मुंग्या लागतात का? काल ओल्या गोणपाटाने खळ भिजवली, आज घागरींनी धुतली."

"अहो, पण गटात बायका ढिगानं आहेत!" शेठ खेकसले.

"आहेत. आज त्या सगळ्यांच्या वर्षाच्या मेहनतीवर पाणी पडलं. सगळ्यांचे चेहरे उतरलेत. पण आज एकीचा नवस फिटला. तिनं देवीपुढे नारळ फोडला आणि नव्या चपला पायात घातल्या." तेजलचा आवाज खाली आला. "यशोदाबाई, नवस काय होता?"

यशोदाबाईंनी पदर सारखा केला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"लपवली असती चप्पल. पण देवीला दिलेला शबूद कसा मोडू? ती सगुणा. माझी धाकटी भन, आमी पेठच्या. ह्याच्या साइटवर पाटी टाकायची, तिथंच पत्र्यात राहायची. ह्याची भिंत तिच्या अंगावर पडली. ह्यानं तिला उचलून सडकेला टाकली, गाडीनं उडवली असं दाखवलं. मी ठाण्यात गेले, तर तुमच्याच खुर्चीवर बसून ह्यानं सांगितलं, ह्या बाईला मी जन्मात पाहिली नाय, ती आमच्याकडं कधी कामाला नव्हतीच."

"खोटारडी!" शेठ ओरडले.

"मला ह्याचा जीव नको व्हता, मॅडम. ती नव्हतीच म्हणाला ना? म्हणून देवीला बोलले, ह्याच्याच पैशाच्या भिंतीवर ती दिसू दे, आणि ह्याच्याच हातानं. ती दिसंल तवाच चपला घालीन." त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "कागद सोलला आन् कळलं, तोंड उलटं बसलंय. लय रडले. पण मोडवंना. म्हटलं, आरशात ती सोताला अशीच तर बघायची."

"मावशी," आरोही पुढे आली, "मला एकदा सांगितलं असतंत तर?"

"तू नाय म्हणाली असतीस, पोरी. तुला गाडीत घालाय निघाले असते, तर मी पुढं आलेच असते."

"ऐकलंत?" शेठ हसले. "कबुली दिली! आता न्या हिला, आणि फोडा रे ते थोबाड!"

"एक राहिलं, शेठ. ओसरीवर मी तुम्हाला विचारलं, तर म्हणालात, जन्मात पाहिलेली नाही."

"नाहीच पाहिली!"

"भिंतीवर नुसता चेहरा आहे. डोक्यावर पाटी नाही, खाली नाव नाही, गाव नाही. मग ती पेठची, रोजंदारीवरची, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

शेठनी इकडेतिकडे पाहिलं. "कुणीतरी... लोक बोलत होते..."

"तुम्ही बोललात तेव्हा कुणाच्याच तोंडातून शब्द फुटला नव्हता. सनईसुद्धा थांबली होती. ते वाक्य इथल्या झाडून सगळ्यांनी ऐकलंय."

"मी ऐकलं," हर्षल म्हणाला.

"मीबी," नवनाथ म्हणाला. मग मागच्या बायका एकेक करून पुढे सरकल्या. शेठनी फोन काढला, पण बोट कुठल्याच नावावर थांबेना.

"फोन आता ठाण्यात बसून करा, शेठ. सगुणाबाईंच्या मृत्यूची चौकशी आम्ही पुन्हा उघडतोय. यशोदाबाई, भिंतीचं नुकसान झालंय, तुम्हालाही यावं लागेल."

"येते की. त्यासाठीच तर चपला घातल्या."

घणवाल्याने सवयीने घण खांद्यावर घेतला. तेजल त्याच्यावर गरजली, "खाली ठेव! चेहरा बघून मालक काय बोलला त्यावर केस उभी राहणार आहे. ही भिंत आता पुरावा आहे. हिला बोट लावाल तर तुम्हालाही आत घेईन."

हवालदाराने भिंतीपुढे दोरी बांधायला घेतली. यशोदाबाई जीपच्या पायरीशी थांबल्या.

"मॅडम, म्हंजी तिला कुणी काढायचं नाय?"

"नाही."

"कुठवर?"

"कोर्टात केस चालेल, निकाल लागेल, वर अपील होईल. तोवर."

यशोदाबाईंनी मागे वळून शेठकडे पाहिलं. दुसऱ्या गाडीपाशी ते रुमालाने मान पुसत होते.

"चालू दे," त्या हळूच म्हणाल्या, "सावकाश चालू दे," आणि जीपमध्ये चढल्या.