तुलनेसाठी ठेवलेल्या बायका

जयपूरच्या सोडाल्यात टाइल्सच्या एका दुकानावरच्या मजल्यावर फिजिओथेरपीच्या एका संशोधन-नियतकालिकाचं ऑफिस होतं, आणि मीनाक्षी वानखडे तिथं काम करायची. आलेला लेख कुणाचा उचललेला नाही ना, फोटोंत फेरफार नाही ना, रुग्णांची संमती घेतली होती ना, हे सगळं ती तपासायची. छापून झालेल्या लेखाबद्दल तक्रार आली तर तीही तिच्याच टेबलावर यायची. लेखकांना ती नकोशी वाटे, आणि संपादक विनय माथुर यांनाही अधूनमधून. तिला त्याची सवय झाली होती. संध्याकाळी ती खातीपुऱ्यातल्या घरी जायची. वडील रेल्वेत गार्ड होते, बडनेऱ्याहून बदली होऊन इकडे आले आणि इथलेच झाले. ते गेल्यापासून घरी आई एकटीच. मीनाक्षीचं सगळं शिक्षण हिंदी-इंग्रजीत झालं होतं, पण आई, सुलोचनाबाई, जयपुरात म्हाताऱ्या झाल्या तरी वऱ्हाडीच बोलायच्या.

थंडी ओसरत आली होती तेव्हा ती निनावी तक्रार आली. लेख रणजीत शेळके नावाच्या माणसाचा होता. मूळचा सांगलीकडचा, इथल्या एका खासगी कॉलेजात शिकवणारा. चाकसूजवळच्या एका वस्तीतल्या, साठी ओलांडलेल्या बायकांच्या गुडघेदुखीवर त्यानं अभ्यास केला होता. अर्ध्या बायकांना गुडघ्याखाली कापडी पट्टा बांधून करायचा एक व्यायाम शिकवला. उरलेल्या अर्ध्यांना काहीच दिलं नाही, फक्त वर्षभर त्यांचं दुखणं मोजलं. हा तुलनेचा गट. पट्टेवाल्या बायका बऱ्या झाल्या, तुलनेच्या गटातल्या होत्या तशाच राहिल्या. शेवटी, अशा लेखांत असतं तसं, एक वाक्य होतं: अभ्यास संपल्यावर तुलनेच्या गटालाही हाच उपचार देण्यात येईल.

तक्रारदारानं एवढंच लिहिलं होतं की आकडे बघा. मीनाक्षीनं बघितले. दुखणं दहापैकी किती, याची उत्तरं ठरावीक लयीत फिरत होती. माणूस मनानं आकडे रचायला बसला की त्याचा हात असा चालतो, हे तिला अनुभवानं माहीत होतं. तिनं कॉलेजला लिहिलं, उत्तर आलं नाही. विनय सर घाई करत होते, कारण एका हॉस्पिटलनं पट्ट्याबद्दल विचारणा केली होती. ऑपरेशनसाठी नाव लावलेल्या काही बायकांना आधी पट्टा बांधून बघायचा त्यांचा विचार होता. लेख खोटा असेल तर तो लवकर मागे घ्यायला हवा होता.

चाकसू काही लांब नाही. रविवारी जाऊन बघून येते, असं तिनं घरी सांगितलं, तर आईही निघाली. तिचेही गुडघे दुखायचे. पट्ट्यानं खरंच बरं वाटतं का, ते तिला त्या बायकांनाच विचारायचं होतं.

टोंक रोडला चहाच्या टपरीवर वस्तीची चौकशी केली तेव्हा टपरीवाला म्हणाला की त्या बाजूला नुसतं गायरान आहे. पण लेखात दिलेल्या खुणांप्रमाणे गाडी आत वळवली, बाभळी मागे पडल्या आणि वस्ती दिसली. मातीच्या रंगाची बसकी घरं, दोन-तीन कडुनिंब, आणि भर दुपारच्या उन्हात खाटांवर बसलेल्या बायका. ओढण्या डोक्यावरून घेतलेल्या. त्या गाडीकडे बघत होत्या, जणू गाडी ठरल्या वेळी आली होती.

भाड्यानं आणून बसवल्यात, हा मीनाक्षीचा पहिला विचार. असे प्रकार तिनं पाहिले होते. तिनं एकेकीला प्रश्न विचारायला सुरुवात केली. किती वर्षं दुखतं, उकिडवं बसता येतं का, जिना चढताना काय होतं. लेखात जे जे विचारलं होतं त्याची उत्तरं त्या पटापट देत होत्या. मग तिनं मुद्दाम वेगळं विचारलं. मुलं किती, आज काय जेवलात, चाकसूच्या जत्रेला जाता का. यावर त्या नुसत्या बघत राहिल्या. लपवाछपवी नव्हती, राग नव्हता. विचारलेलं त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं, असं तिला वाटलं. एकीला नाव विचारलं तेव्हा ती ओशाळून म्हणाली, "नांव तो लिख्यो कोनी." नाव तर लिहिलंच नाही.

लेखात कधी कुणाची नावं देत नाहीत. तो नियमच आहे, आणि तो पाळला जातो की नाही हे मीनाक्षीच बघायची.

गाडीच्या डिकीत तिनं वजनकाटा आणला होता. लेखातली वजनं वर्षापूर्वीची होती, म्हणजे थोडा तरी फरक पडायला हवा. तिनं चौघींना काट्यावर उभं केलं. चौघींची वजनं लेखातल्या आकड्यांशी शेवटच्या ग्रॅमपर्यंत जुळली. पाचवीला काट्यावर चढवायचा तिला धीर झाला नाही.

परतताना सांगानेरजवळ रहदारीत अडकल्यावर आई म्हणाली, "राजस्थानात आपुन कुठीबी गेलो तं आधी पानी इचारतात. तिथं कोनं इचारलं?"

"गरीब असतील, आई. मतलब, लाजल्या असतील."

"गरीब मानूस त आधी इचारते." आणि मग, खिडकीबाहेर बघत, "तिथं चूलच नव्हती, मीने. एकाबी घरात नव्हती. म्या डोकावून पायलं."

त्या रात्री मीनाक्षीला अंथरुणावर पडून राहवेना. कूस बदलली तरी गुडघे मिटावेत की सरळ ठेवावेत, ते कळेना. दुसऱ्या दिवशी ऑफिसात ती सारखी खुर्चीवरून उठत होती. विनय सरांनी विचारलं की बायका आहेत की नाहीत. ती म्हणाली, आहेत. मग झालं तर, असं म्हणून ते आत गेले. ती उभीच राहिली.

रणजीत शेळकेला तिनं सिव्हिल लाइन्सच्या मेट्रो स्टेशनखाली भेटायला बोलावलं. तिशीतला, सडपातळ, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. तो हुज्जत घालेल अशी तिची अपेक्षा होती. चहा येण्याआधीच तिनं विचारलं, "त्या बायका कुठून आणल्या तुम्ही?"

"कुठल्या बायका?"

"चाकसूच्या. मी त्यांना भेटून आले."

त्यानं तिच्याकडे असं बघितलं, जणू ही आपल्याला अडकवायला काहीतरी बोलतेय. मग त्यानं कबूलच केलं. सगळं, एका दमात. अभ्यास झालाच नव्हता. बढतीसाठी लेख हवा होता. परीक्षेच्या पर्यवेक्षणाला टोंकला जाताना बसच्या खिडकीतून त्यानं चाकसूची पाटी वाचली होती, तेवढाच त्याचा त्या गावाशी संबंध. बायका त्यानं खोलीत बसून, एका दुपारी केल्या. वयं, वजनं, दुखणी.

"मी कधी चाकसूला उतरलोसुद्धा नाही, मॅडम," तो म्हणाला. "तिथं कोण असणार?"

मीनाक्षीनं त्याला गाडीत बसवलं.

वस्ती होती तिथंच होती. तो गाडीतून उतरला आणि खाटांवरच्या बायका उठल्या. काही सहज उठल्या. काहींनी गुडघ्यांवर दोन्ही हात दाबले, ओठ आवळले आणि मग उठल्या. त्या दुसऱ्या बायकांमधली एक उंच म्हातारी लंगडत पुढे आली, त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. ती ओळखीचं हसली.

"म्हाकी बारी कद आवैली?" तिनं विचारलं. आमची पाळी कधी येणार?

रणजीतनं मागे पाऊल घेतलं नाही. मीनाक्षीला नंतर त्याच्याबद्दल बरंवाईट पुष्कळ वाटलं, पण हे ती विसरली नाही. त्यानं खाली बसून म्हातारीचा गुडघा दोन्ही हातांत धरला, तज्ज्ञ धरतो तसा, आणि हळूच हलवून पाहिला. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. तो तसाच बसून राहिला. मग मीनाक्षीकडे न बघता इंग्रजीत पुटपुटला की याला मी आठ दिलेत. दहापैकी आठ. पट्टेवाल्यांशी फरक ठळक दिसावा म्हणून या बाजूच्या सगळ्यांना त्यानं भरपूर दुखणं दिलं होतं.

त्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर तिकडे जाऊ लागला. सोबत कापडाचे पट्टे, गरम पाण्याच्या पिशव्या, मोहरीचं तेल. मीनाक्षीनं लेख मागे घेतल्याची सूचना लिहून ठेवली होती, पण ती पाठवेना. नियमानं ती त्याच आठवड्यात जायला हवी होती. हॉस्पिटलला मात्र तिनं तपास सुरू असल्याचं कळवून थांबायला सांगितलं. आपण चूक करतोय हे तिला कळत होतं. घरी तिनं आईला विचारलं, तर आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्या बायाइचं होऊ दे ना आधी. कागद काय, चार दिवसानं जाईन."

चार दिवसांनी काही झालं नाही, आणखी चार गेले तरी नाही. रणजीतचे हात पोळले, अंगठे सुजले. शिकला होता तो प्रत्येक उपाय त्यानं केला. म्हाताऱ्या त्याचं ऐकत, सांगेल तसा पाय हलवत, आणि दुखणं किती म्हणून विचारलं की तोच आकडा सांगत. पट्ट्याला काही गुण नव्हताच. तो व्यायामही त्याच दुपारी रचलेला होता.

होळीच्या आदल्या दिवशी त्यानं तिला पुन्हा सिव्हिल लाइन्सला बोलावलं. दाढी वाढलेली, अंगाला तेलाचा वास. त्यानं काही छापील पानं तिच्यापुढे ठेवली. नवा लेख होता. तुलनेच्या गटाला नंतर उपचार दिला, वर्षभर पाठपुरावा केला, आणि त्याही बायका बऱ्या झाल्या. सगळ्या.

"छापू नका," तो म्हणाला. "छापायला सांगतच नाही मी. पण लिहिल्याशिवाय त्यांचं दुखणं जाणार नाही. मी दुसरं सगळं करून पाहिलं."

"मग लिहिलंय की तुम्ही. गेलं का?"

"नाही." त्यानं चेहरा चोळला. "काल रात्री पूर्ण केलं. सकाळी जाऊन आलो. तशाच आहेत. काहीतरी कमी पडतंय यात, मॅडम. तुम्ही रोज असे लेख वाचता. तुम्हीच सांगा."

ती दमली होती. कित्येक रात्री तिला धड झोप नव्हती. समोर बसलेला माणूस तिच्याकडून खोटं तपासून मागत होता, आणि तिच्यापुढे त्या उंच म्हातारीचा गुडघा येत होता. तिनं पानं चाळली. नजर सवयीनं दोष शोधत गेली.

"हे कुणालाही पटणार नाही," ती वैतागून म्हणाली. "एवढ्या म्हाताऱ्या बायका, वर्षभराचा पाठपुरावा, आणि एकही गळाली नाही? खऱ्या अभ्यासात असं होतं का कुठं? कुणी गाव सोडतं, कुणी कंटाळून यायचं बंद करतं, कुणी मरतं."

रणजीतनं पानं गोळा केली, नीट एकाखाली एक लावली, आणि चहा तसाच टाकून तो निघून गेला.

ती घरी गेली. आईनं विचारलं की काय झालं, तर काही नाही म्हणाली.

धुळवडीला ऑफिस बंद होतं. गल्लीत पोरं ओरडत होती, दारावर पाण्याचे फुगे आपटत होते. दुपारी तिच्या फोनवर त्याचा मेल आला. सुधारलेला लेख. वर एकच ओळ: आता बघा.

तिनं उभ्यानंच वाचायला सुरुवात केली. पहिली पानं तीच होती. निष्कर्षांच्या पानावर एक वाक्य नवीन होतं. पाठपुराव्याच्या काळात तुलनेच्या गटातल्या तिघींचा मृत्यू झाला, उरलेल्या सर्व दुखण्यातून पूर्ण बऱ्या झाल्या.

तिनं त्याला फोन लावला. बंद होता. पुन्हा लावला.

मग तिनं गाडीची किल्ली घेतली.

टोंक रोड मोकळा होता. दुकानं बंद, रस्त्यावर गुलाल. बाभळींपाशी वळताना तिला वाटलं, आता तिथं काही नसलं तर बरं.

वस्ती होती.

बायका अंगणात होत्या, त्या सगळ्या चालत होत्या. कुणाचाही हात गुडघ्यावर नव्हता. एक उकिडवी बसून पुन्हा उठली, पुन्हा बसली, लहान मुलीसारखी.

भिंतीला तीन खाटा उभ्या करून ठेवल्या होत्या. माणूस गेल्यावर ठेवतात तशा.

उंच म्हातारी तिच्याकडे आली. लंगडत नव्हती. तिनं मीनाक्षीचे दोन्ही हात हातात घेतले. दुखणं गेलं म्हणाली, आता एवढंही नाही. डॉक्टरांना सांगा.

मीनाक्षीला विचारायचं होतं की त्या तिघी कुठं आहेत, कुणी नेल्या.

"सकाळीच गेल्या," म्हातारी आपणहून म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. एक अडचण तेवढी ती सांगत होती. तिघींचीही अंघोळ झालेली नव्हती. एकीच्या अंगावरची ओढणीसुद्धा धुतलेली नव्हती.

"पुढच्या वेळी आधी सांगत जा," ती म्हणाली. "कोण ते कळलं, की आम्ही तिला न्हाऊ घालून तयार ठेवू."

बाकीच्या बायका एकेक करून जवळ आल्या. त्या तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या, ओढण्या सावरल्या, आणि ती आता सांगेल म्हणून तिच्या तोंडाकडे बघू लागल्या.