बुजगावण्याची लाल ओळ

"पाखरू कुठं बसलंय ते आधी बग गं, मग फिरीव गोफण."

हौसाआत्याचा तो आवाज कस्तुरीच्या कानात अजून होता. ती अगदी लहान असताना आत्या मचाणावरून हाळी द्यायची, हा हो हो हो, आणि ज्वारीवर उतरलेला भोरड्या पाखरांचा अख्खा थवा वाऱ्यानं उडालेल्या ओढणीसारखा आभाळात जायचा.

आता आत्याच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. ओरडायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. राखणीला आला होता बुजा, सौरऊर्जेवर (सूर्याच्या उजेडापासून मिळणाऱ्या विजेवर) चालणारं यंत्रमानव-बुजगावणं. पण पाखरं हाकलायला त्याला भोंगा तेवढा वाजवता यायचा. भोरड्यांनी तो लगेच ओळखला. आता त्या खुशाल बुजाच्या टोपीवर बसून कणसं निवडायच्या. दाणा दुधाळ होता, पाखरांच्या आवडीचा. उद्यापर्यंत बुजा सुधारला नाही तर मीच मचाणावर चढणार, असं आत्यानं कुजबुजत सांगून टाकलं होतं.

कस्तुरीनं आत्याची जुनी, ऑपरेशनच्या आधी मोबाइलवर रेकॉर्ड केलेली हाळी बुजात भरून ठेवली होती. ती पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या दिशांना द्यायला त्याला शिकवायचं, तर 'साद' ही प्रोग्रॅमिंगची भाषा (यंत्राला काम सांगण्यासाठी ठरवलेले शब्द आणि नियम) यायला हवी होती. आत्या रोज विचारायची, जमतंय का. कस्तुरी म्हणायची, जमतंय की.

जमत काहीच नव्हतं. नेटवर सादचे धडे ढिगानं होते आणि प्रत्येकाच्या कपाळावर एकच शब्द: सोपं. चुटकीसरशी सोपं, खेळता खेळता सोपं. एक हसरा दादा तर दर वाक्याला सोपं म्हणे आणि अवघड जागा आली की पुढं पळे. त्याच्या ओळी तिनं जशाच्या तशा उतरवल्या, तरी बुजाच्या पडद्यावर चूक दाखवणारी लाल ओळ. पुसली. दुसरा धडा, पुन्हा लाल ओळ. तीही पुसली.

"सगळे खोटारडे आहेत," बुजाच्या पत्र्याच्या पोटावर बुक्की मारून ती म्हणाली. "सोपं असेल तर मला का येत नाही?"

"पोट माझं आहे," बुजा म्हणाला. "लाल ओळ काय म्हणत होती?"

"वाचली नाही. चूक आहे ना ती."

"तू तिला भोरडीसारखी हाकलतेस. बसलीय कुठं, ते न बघता."

कस्तुरीचा हात थांबला. तिनं धडा पुन्हा चालवला आणि या वेळी लाल ओळीला बसू दिलं. लिहिलं होतं: तिसरी ओळ, 'फेरा' हा शब्द या आवृत्तीत नाही.

मग बुजानं समजावलं. भाषा घडवणारी माणसं ती सुधारत राहतात. अशा प्रत्येक सुधारलेल्या रूपाला आवृत्ती म्हणतात. दादाचा धडा जुन्या आवृत्तीचा, बुजाच्या अंगात नवी. म्हणून धडा उघडला की तो कुठल्या आवृत्तीसाठी आहे ते आधी पाहायचं. अडलं तर भाषा घडवणाऱ्यांची मूळ मार्गदर्शिका उघडायची आणि लाल ओळीतला शब्द तिथं शोधायचा.

म्हणजे धडा शिळा होता, आणि दादानं ते वर लिहिलंसुद्धा नव्हतं. कस्तुरी आणखी चिडली, पण आता कशावर चिडायचं ते तिला नेमकं ठाऊक होतं. मार्गदर्शिकेत सापडलं: 'फेरा'च्या जागी आता 'आवर्तन' (तीच कृती पुन्हा पुन्हा करण्याची आज्ञा). तिनं शब्द बदलला. नवी लाल ओळ आली: किती वेळा, ते सांगितलेलं नाही. तीही वाचली, आकडा घातला. मग लाल ओळ आलीच नाही.

उन्हं तिरपी झाली होती. बुजा उगवतीकडं वळला. हा हो हो हो. मावळतीकडं वळला. हा हो हो हो. थवा उठला आणि ओढ्यापलीकडं गेला. बांधावर आत्या उभी होती, स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून.

मग ती कुजबुजली, "म्हंजी सोपंच हुतं म्हण की."

"नाही आत्या," कस्तुरी म्हणाली. "सोपं नव्हतं. मला काहीच कळत नव्हतं, आणि रोज मी तुला जमतंय म्हणून सांगत होते. आता त्या दादाच्या धड्याखाली लिहिणार आहे, हा कुठल्या आवृत्तीचा, लाल ओळ कुठं येते. आणि सगळ्यात वर लिहिणार, मलाही आलं नव्हतं."