चार शाळांचा एक रॅम्प

"पळा, टेम्पो सुटला!" ढब्बू ओरडला आणि चौथीतल्या टाचणीने सायकल दामटली. टेम्पोत त्यांच्या शाळेचा नवाकोरा लाकडी रॅम्प होता. कालच तो दारात दिसला, तेव्हा टाचणीने घरी जाऊन धाकट्या बहिणीला, छकुलीला, गरागरा फिरवलं होतं. छकुली चाकाच्या खुर्चीत बसायची. पहिलीत नाव घालायला गेलेल्या आईला मोठ्या सरांनी परत पाठवलं होतं. पाच पायऱ्या आहेत, रॅम्प झाला की बघू, तोवर घरीच शिकवा म्हणे. बाकीच्या शाळांतही तेच उत्तर. जणू पायऱ्या छकुलीनेच बांधल्या होत्या!

टेम्पो बाजारापलीकडच्या शाळेशी थांबला. तिथले सर हात चोळत उभेच होते. रॅम्प उतरला, वर हिरवा गालिचा पसरला. टेम्पोवाले काका भोळे. विचारताच सगळं सांगून मोकळे झाले. तपासणीच्या बाई रोज एक शाळा बघतात आणि चार शाळांत मिळून रॅम्प एकच. काल तुमची, आज ही, उद्या तिसरी, परवा नदीकाठची शेवटची. मुलांना सुट्टी, मग बघायला आहे कोण?

"पाहुणे आले की शेजारचे कप आणतात, तसं," ढब्बू म्हणाला.

टाचणीला हसू आलं नाही. चौघा सरांच्या डोक्यावर 'नेहमी खरे बोला'ची पाटी, आणि चौघांना मिळून एक गवंडी बोलवायची अक्कल नाही. तिला त्यांची अगदी किळस आली.

परवा सकाळी सर आत चहा पीत बसले असताना तिघं नदीकाठच्या शाळेत पोचली. ढब्बूने गालिचा गुंडाळला. छकुलीने फळीवर दोन्ही पंजे ठेवले, टाचणीने भोवती लाल खडू फिरवला आणि खाली लिहिलं, 'हा रॅम्प चार शाळा फिरला. मला एकाही शाळेत घेत नाहीत.' गालिचा पुन्हा जागच्या जागी!

बाई आल्या तशी टाचणी छकुलीची खुर्ची ढकलत रॅम्पवर निघाली. अर्ध्यावर गालिचा चाकांत गोळा झाला. चाकाच्या खुर्चीखाली सुटा गालिचा! पण सरांनी रॅम्पवर कधी चाक चढलेलं पाहिलं असेल तर ना. बाईंनी स्वतः वाकून तो ओढला आणि वाचलं. सर म्हणाले, पोरांचा खोडसाळपणा आहे. तेवढ्यात टेम्पोवाले काका विचारत आले, "सर, झालं का? कधी उचलू?"

बाई टाचणीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "सुट्टीत शाळा बघत फिरले, तिथेच माझं चुकलं. तू चौथीतली ना गं? माझ्यापेक्षा तूच बरी तपासलीस."

शाळा उघडायच्या आत चारही दारांत सिमेंटचे रॅम्प झाले. पहिल्या दिवशी मोठ्या सरांनी टाचणीचं, ढब्बूचं आणि बरंचसं स्वतःचं कौतुक केलं. टाळ्या थांबल्यावर वर पोचलेल्या छकुलीने खुर्ची वळवली आणि खाली बघत विचारलं,

"सर, हा उद्यापण इथेच असेल ना?"