वस्तादांची भूक कुठं गेली?

हिंदुराव वस्तादांनी अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवून हात धुतला आणि त्यांच्या लेकीच्या, वैजयंताच्या काळजात धस्स झालं.

हा माणूस काही साधासुधा खाणारा नव्हता. उमेदीच्या काळात एका बैठकीला अकरा भाकऱ्या आणि पातेलंभर तांबडा रस्सा रिचवणारा गडी तो! कुस्ती सुटून पंधरा वर्षं झाली, पण खुराक काही सुटला नव्हता. त्याने सुक्क्या मटणाकडे बघून ‘नको’ म्हणावं? पंचगंगेकाठच्या त्या गावात सूर्य पश्चिमेला उगवला असता तरी लोकांना एवढं नवल वाटलं नसतं. अकरा वर्षांच्या वैजयंताला मात्र नवल वाटलं नाही. तिला भीती वाटली.

गेले दोन महिने हेच चाललं होतं. तिच्या आबांचा सदरा ढगळ झाला, गाल आत गेले. त्यांच्या तालमीच्या तांबड्या मातीखाली आता संवेदक (दाब आणि हालचाल टिपणारी छोटी उपकरणं) पुरलेले होते. कुणाची पाठ टेकली हे ते पंचांच्या आधी सांगत. पण वस्तादांना काय झालंय, हे सांगणारं उपकरण कुणापाशी नव्हतं. पोरं आपसांत कुजबुजत, “वस्तादास्नी आतनं कायतरी मोठं लागलंय.” वैजयंता जवळ आली की गप्प होत. त्या गप्प होण्याने तिला जास्तच धडकी भरे.

आणि ती सुई! दर रविवारी सकाळी आबा फ्रिजमधून पेनासारखं काहीतरी काढत, दार लोटून घेत आणि पोटाला टोचत. वैजयंताने एकदा फटीतून पाहिलं होतं.

“कसली सुई हो आबा?”

“ताकदीची हाय. जा, बैठका मार.”

ताकदीची सुई घेऊन माणूस वाळतो कसा? हे कोडं तिला सुटेना. आईला विचारावं, तर ती आठवडाभर प्रशिक्षणासाठी पुण्याला गेलेली. मग वैजयंताने स्वतःच इलाज ठरवला. पैलवान वाळायला लागला की तालमीच्या गावात एकच औषध माहीत असतं, ते म्हणजे खुराक.

सोमवारी सकाळी तिने शंभर बदाम मोजून सोलले. दगडी कुंडीत ते बदाम, खसखस, बडीशेप, मिरी घालून लाकडी सोट्याने घोटघोट घोटलं. तांब्याभर म्हशीचं दूध ओतलं, वर वाटीभर तूप सोडलं आणि ती थंडाई आबांपुढे धरली. आदल्याच दिवशी त्यांनी सुई टोचली होती. वास येताच त्यांनी तोंड फिरवलं.

“नगं बाळा. पोट भरल्यासारखं वाटतंय.”

“माझी शपथ हाय तुम्हांला!” वैजयंताचे डोळे भरून आले.

शपथ कशी मोडणार? लेकीच्या डोळ्यांतलं पाणी बघून वस्तादांनी तांब्या तोंडाला लावला आणि तळ दिसेपर्यंत खाली ठेवला नाही. पोरगी आनंदली. पण तो आनंद जेमतेम तीन तास टिकला.

दहा वाजता आबांना पहिली उलटी झाली. मग दुसरी, तिसरी. पाण्याचा घोटही ठरेना. बाराच्या सुमाराला उठायला गेले आणि घेरी येऊन खाली बसले. ज्यांना आयुष्यात कुणी पाडलं नव्हतं, त्यांना तालमीतल्या सहा पोरांनी उचलून गाडीत घातलं.

गावच्या आरोग्य उपकेंद्रात धन्वा होता. धन्वा म्हणजे तिथला यंत्रमानव. जुन्या वैद्यकीय पुस्तकांवर शिकवलेला असल्यामुळे तो भलतंच पुस्तकी मराठी बोले. एरवी पोरं त्याची टर उडवत, आज मात्र कुणालाच हसू आलं नाही. त्याने झटपट रक्त घेतलं, हाताला सलाईन लावलं आणि तालुक्याच्या डॉक्टर नसीमा मुजावर यांना पडद्यावर बोलावलं.

“सकाळपासून काय सेवन केलंत?” धन्वाने विचारलं.

आबांनी ओठांवरून जीभ फिरवली. “काय न्हाई. अर्धा कप चहा.”

वैजयंता खांबाआड उभी होती. आबा तिच्याकडे पाहतसुद्धा नव्हते. ते खोटं बोलत होते, आणि तिच्यासाठी बोलत होते.

धन्वाने पोटावरून सोनोग्राफीचा हात फिरवला. त्याच्या छातीवरच्या पडद्यावर एक फुगीर पिशवी उमटली. “विसंगती आहे. जठर (अन्न घुसळणारी पोटातली पिशवी) अजूनही भरलेलं दिसतं. अर्ध्या कप चहाने असं होत नाही.”

डॉक्टर मुजावर गंभीर झाल्या. “मग आतड्यात अडथळा असू शकतो. कोल्हापूरला हलवून, गुंगी देऊन आत नळी घालून पाहावं लागेल. पण पोटात नक्की काय आहे ते आधी कळायला हवं. गुंगीत उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत गेलं तर जिवावर बेतेल.”

जिवावर! खरं सांगितलं तर सगळं गाव म्हणणार, पोरीनंच बापाचा घात केला. नाही सांगितलं तर... तिने पुढचा विचारच केला नाही.

“थंडाई!” ती ओरडली. “तांब्याभर! शंभर बदाम आणि वाटीभर तूप! सातला. म्याच पाजली, शपथ घालून!”

आणि ती तिथेच फरशीवर बसून हमसून हमसून रडायला लागली.

डॉक्टरांनी श्वास सोडला. “शाबास. आता उलगडा झाला. धन्वा, स्वादुपिंडाला (इन्सुलिन सोडणाऱ्या ग्रंथीला) सूज नाही ना? रिपोर्ट आला का?” तो आला होता आणि चांगला होता. “मग नळी नको. सलाईन चालू ठेव, उलटीचं औषध दे. वस्ताद, मी लिहून दिलेली ती पुढची सुई आता मी सांगेपर्यंत घ्यायची नाही. दर तासाला मला कळव.”

पडदा मिटला. धन्वा गुडघे वाकवून वैजयंतासमोर बसला.

“पण त्या थंडाईत वाईट काय हुतं?” तिने नाक पुसत विचारलं.

“काहीच नाही. वेळ वाईट होती. आपले वडील जे औषध घेतात ते भूक आवरण्याचं आहे. जेवल्यावर आपलं आतडं एक संप्रेरक (एका अवयवाने दुसऱ्याला रक्तातून धाडलेला रासायनिक निरोप) सोडतं. त्याचं नाव जीएलपी-वन. हा निरोप मेंदूला सांगतो, ‘बास, पोट भरलं.’ जठराला सांगतो, ‘अन्न सावकाश पुढे ढकल.’ आणि स्वादुपिंडाला सांगतो, ‘साखर वाढली आहे, इन्सुलिन सोड.’”

“मग आबांचं आतडं निरोप धाडत न्हाई?”

“धाडतं. पण शरीरातलं एक विकर (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) त्या निरोपाचे दोन-तीन मिनिटांत तुकडे करतं. शास्त्रज्ञांनी त्या निरोपाची अशी नक्कल केली की तिचे तुकडे लवकर पडत नाहीत. म्हणून एक सुई आठवडाभर पुरते. भूक मंदावते, रक्तातली साखर आटोक्यात येते, वजन उतरतं. पुष्कळांच्या हृदयालाही लाभ होतो.”

वैजयंता विचारात पडली. “आणि जठर सावकाश चालतं. म्हणजे माझी थंडाई...”

“पुढे सरकलीच नाही. तुपासारखे स्निग्ध पदार्थ एरवीही जठरात फार वेळ थांबतात. त्यात काल त्यांचा डोस वाढवलेला. असा डोस पायरीपायरीनेच वाढवायचा असतो, आणि प्रत्येक पायरीवर थोडं आणि हलकं खायचं असतं.”

“म्हणजे मी येडीच.”

“तसं नव्हे. आपली एक शंका रास्त होती. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात. म्हणून डाळ, अंडी, मासे अशी प्रथिनं हवीत आणि व्यायाम हवा. फक्त एकदम तांब्याभर नव्हे.”

तेवढ्यात कॉटवरून घोगरा आवाज आला. “तिचं न्हाई, माझं चुकलं.”

आबांनी डोळे उघडले होते. “एकशे अडतीस किलो झालो हुतो, वैजे. साखर तीनशेच्या वर. पण वस्तादानं भुकेपुढं हात टेकलं असं कोण म्हणील, म्हणून तोंड दाबून बसलो. तुझ्या आईलाबी गप्प बसवलं.”

“भूक ही मनाची कमजोरी नाही,” धन्वा म्हणाला. “ती मेंदू, आतडं आणि चरबी यांच्यातल्या निरोपांवर चालते. कुणात ते निरोप जोराचे असतात, कुणात क्षीण. साखरेच्या औषधाची लाज वाटते का? मग याची का वाटावी? मात्र हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावं. बारीक दिसायला म्हणून शेजाऱ्याची सुई कुणी टोचून घेऊ नये. आणि ते बंद केलं की भूक बहुधा परत येते, हेही ध्यानात ठेवावं.”

“आता आबा बरे हुतील ना?”

धन्वाला खोटं बोलता येत नसे. “उलट्यांमुळे अंगातलं पाणी आटलं आहे. त्याचा ताण मूत्रपिंडांवर (रक्त गाळून लघवी तयार करणाऱ्या अवयवांवर) पडला आहे. सकाळपासून त्यांना लघवी झालेली नाही. ती झाली की निम्मी काळजी मिटली.”

मग सुरू झालं वाट पाहणं. सलाईनचे थेंब टपटपत होते. दोन वाजले, तीन वाजले. धन्वा दर तासाला डॉक्टरांना कळवी आणि दर वेळी एकच सांगे, “अद्याप नाही.” अंगणात पोरं मांडी घालून बसली होती. वैजयंताने आबांचा हात धरून ठेवला होता. तो तळवा कोरडा होता. तिने मनातल्या मनात देवाला आजवर कुणी मागितलं नसेल असं मागणं मागितलं, आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही.

“धन्वा,” तिने न राहवून विचारलं, “उलटी न हुणारं औषध निघंल का कधी?”

“प्रयत्न चालू आहेत. स्नायू झिजू न देणाऱ्या औषधांवरही काम होत आहे. पण अजून पुष्कळ कोडी सुटायची आहेत. ती सोडवायला माणसं हवीत.” त्याच्या डोळ्यांतले दिवे तिच्याकडे वळले. “खांबाआडून पुढे येऊन खरं सांगणारी असली तर उत्तम.”

पावणेपाच वाजता आबांनी कूस बदलली. चेहरा जरा ओशाळला होता.

“वैजे, जरा आधार दे. जाऊन येतो.”

ती ताडकन उठली. एका बाजूने ती, दुसऱ्या बाजूने धन्वा, असे ते मोरीच्या दारापर्यंत गेले. दार लोटलं गेलं. वैजयंताने श्वास रोखला. आतून काहीच ऐकू येईना. मग आलं.

ती धावत अंगणात गेली आणि भान विसरून ओरडली, “झाली! आबांस्नी लघवी झाली!”

पोरांनी अशी आरोळी ठोकली की जणू वस्तादांनी मैदान मारलं होतं. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी दंड थोपटले. दार उघडून हिंदुराव वस्ताद भिंतीला धरून बाहेर आले. लाजून लाल झाले होते.

“आरं, गप बसा की!” ते म्हणाले. “आत या सगळी. मी कसली सुई घेतोय, ते तुम्हांस्नी सांगायचं हाय.”